आधी जाकीट घाल

आठवड्यातनं एकदा तरी कुणा ना कुणा पालकाचा फोन येतोच. पोरगं किंवा पोरगी पन्नास मीटरच्या नेमबाजीला लागलेली असते, बोल्टची पॉइंट टू टू रायफल कुणाकडून तरी जुनी घेतलेली असते आणि आता तिचा दस्ता बदलायचा असतो. "मॅडम, लाकडाचा घेऊ का अ‍ॅल्युमिनियमचा? बाहेरून मागवू का इथंच करून घेऊ?" असं विचारतात आणि पाठोपाठ मोबाईलवर पंधरा फोटो टाकतात. दस्ता म्हणजे रायफलचं अंग. तोच खांद्याला टेकतो, त्याच्यावरच गाल ठेवायचा, नळी त्याच्यातच बसते. फोटो बघून तो निवडायचा नसतो. पण लोकांना चपलासुद्धा फोटो बघून घ्यायची सवय लागली आहे, त्याला मी काय करणार? माझं डोकं फिरतं. मी फटकळ आहे, हे आमच्या कोल्हापूरच्या रेंजवर सगळ्यांना ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमानही होता. मी फोनवर एकच विचारते, "जाकीट घालून माप घेतलंय का?" "माप? कशाचं माप?" पलीकडनं विचारतात. मग रविवारी पोरीला जाकिटासकट घेऊन या म्हणते आणि फोन ठेवते. त्यानंतर तासभर माझं कशातच लक्ष लागत नाही. कारण हे वाक्य माझं नाही, काकांचं आहे.

रेंजवर सगळेच त्यांना काका म्हणायचे. ते फौजेत हत्यारं दुरुस्त करायच्या कामावर होते. निवृत्त झाल्यावर कबनूरला स्वतःच्या घरी आले आणि तिथनं रोज एस.टी.नं कोल्हापूरला येऊन रेंजमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसायला लागले. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. क्लबनं शेडची किल्ली दिली एवढंच. घराच्या दोन्ही बाजूंना यंत्रमाग, त्यामुळं आवाज असा चढा लागलेला की शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीही ते रस्त्यापलीकडच्या माणसाशी बोलावं तसं बोलायचे. एक पेन्सिल कानावर, एक खिशात, आणि तिसरी कायम शोधत असायचे.

माप घेतल्याशिवाय ते कुणाचं नाव घ्यायचे नाहीत. तोवर सगळे पावणं. कॉलेजातली पोरगी असो, पोलीस अधिकारी असो, "या पावणं, बसा पावणं." मापाला उभं केलं की सरळ एकेरी, आणि माप झालं की त्या क्षणापासून नाव. त्यांच्या लेखी तेव्हाच ओळख व्हायची.

मापाची तऱ्हाही न्यारी होती. आधी प्रश्न. कुठल्या कुशीवर झोपतोस, चष्मा कधी लागला, दफ्तर कुठल्या खांद्याला लावायचास. मी शिरोळ तालुक्यातल्या शेतकऱ्याची पोर. मला विचारलं, "वैरणीचा भारा डोक्यावर का खांद्यावर?" मी म्हटलं, उजव्या खांद्यावर. त्यांनी दोन बोटांनी माझं हाडूक चाचपलं आणि म्हणाले, "तरीच म्हटलं, हितं खड्डा कसा पडला." मग जाकीट. नेमबाजीचं जाकीट जाड कॅनव्हासचं असतं, खांद्यावर आणखी एक जाड थर शिवलेला. ते अंगात चढवलं, पट्टे ओढले, की माणूस बोटभर जाड होतो. "आधी जाकीट घाल," असं ते म्हणायचे, आणि घातल्याशिवाय फुटपट्टीला हात लावायचे नाहीत. मे महिन्यात त्या पत्र्याखाली घामाच्या धारा लागायच्या, पण सवलत नाही. शेवटी डोळे मिटून रायफल खांद्याला लावायला सांगायचे. "आता डोळं उघड. साईट दिसती का? मान हलवायची न्हाय." मान हलवावी लागली तर दस्ता चुकला. त्यांच्याकडं दुसरी परीक्षा नव्हती.

चंदगडकडचा एक शेतकरी एकदा आला होता. पिकाच्या राखणीची परवान्याची रायफल, दस्ता मुठीपाशी मोडलेला आणि तारेनं आवळलेला. काकांनी विचारलं, "राखणीला बसतोस तेव्हा अंगावर काय असतं?" तो म्हणाला, "आमच्याकडं पाऊस लई. घोंगडं असतंय." काकांनी त्याला तसाच परत धाडला. दिवसभर एस.टी.तनं हाडं खिळखिळी करून घेत माणूस गेला आणि दुसऱ्या दिवशी घोंगडं घेऊन आला. ते पांघरून त्याचं माप झालं. आम्ही सगळे हसत होतो, तो शेतकरी हसत नव्हता. त्याला पटलं होतं.

आणि एक बंगलेवाले आले होते. त्यांना आजोबांच्या रायफलला नक्षीचा दस्ता हवा होता, दिवाणखान्यात टांगायला. काका म्हणाले, "पावणं, मग भिंतीचं माप घ्या. माझं काय काम?" त्यांना चहासुद्धा विचारला नाही.

लाकूड अक्रोडाचं. ते रंध्यानं, पटाशीनं खाली आणायचं. आतली खाच करताना नळीला काजळ लावून ती लाकडात दाबायची, काढायची. जिथं काळं उमटलं तिथं लाकूड जास्त आहे. तेवढंच खरवडायचं, पुन्हा काजळ, पुन्हा दाबायचं. असं शंभर वेळा. शेवटी जवसाचं तेल तळहातानं चोळायचं. त्यांच्या तळव्यांना कायम त्या तेलाचा वास असायचा. आणि एवढं करून लाकडाचंच कौतुक सांगत बसायचे असंही नाही. वाढत्या पोरांना ते स्वतःच अ‍ॅल्युमिनियमचा घ्यायला लावायचे, कारण तो स्क्रूवर लांब-आखूड होतो. ज्याची वाढ थांबली त्याला लाकूड. मात्र ज्याला रोज मन बदलायची खोड आहे त्यानं स्क्रूवाला दस्ता घेऊ नये, असं ते म्हणायचे. तो नेमबाजी करणार नाही, स्क्रूच पिळत बसेल.

मी सहा वर्षं त्यांच्या नजरेखाली शिकले. त्या सहा वर्षांत एकदाही त्यांचं माप चुकलेलं मला आठवत नाही.

मग एका सकाळी मी शेडमध्ये गेले तर काका पटाशीला धार लावत होते. वर बघितलं आणि म्हणाले, "या पावणं. कुठनं आलात?"

मला वाटलं चेष्टा करतायत. मी म्हटलं, "अमेरिकेहनं." ते हसले नाहीत. माझ्याकडं बघत राहिले. मग डोळ्यांत काहीतरी हललं, माझं नाव घेतलं आणि म्हणाले, "बस की. उभी का?" पण हातातली पटाशी त्यांनी खाली ठेवली होती आणि त्या दिवशी पुन्हा उचलली नाही. घरी जाऊन मी कुणालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते खरं झालं असतं, असं काहीतरी वेडं मनात होतं.

त्याच महिन्यात भावाच्या गाडीवरून येताना पंचगंगेच्या पुलावर माझ्या रायफलची पेटी सटकली. नळीला काही झालं नाही, दस्ता मात्र मुठीपाशी तडकला. राष्ट्रीय संघाची निवड चाचणी दोन महिन्यांवर. माझं वय पंचवीस, आणि घरी ठरलेलं होतं की हे शेवटचं वर्ष. यंदा निवड झाली नाही तर मुकाट्यानं लग्न आणि नोकरी. दस्ता आता, याच घडीला, बदलायला हवा होता. पुण्याच्या मैत्रिणीकडं माझ्याच रायफलला बसणारा अ‍ॅल्युमिनियमचा दस्ता पडून होता. ती म्हणत होती, घेऊन जा. मी काकांना विचारलं.

त्यांनी तडकलेली मूठ अंगठ्यानं चाचपली. मग म्हणाले, "तुझी वाढ थांबली. मी लाकडाचा करतो." आणि मग, मला आजही आठवतं, जरा खालच्या आवाजात, "करू का?"

काका कधी परवानगी विचारत नसत. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

माप घ्यायला दुपारी बोलावलं. माझं जाकीट शेजारच्या बाकावर घडी करून ठेवलेलं होतं. मी वाट बघत होते, आता म्हणतील, आता म्हणतील. त्यांनी फुटपट्टी उचलली, कोपराच्या आतून बोटापर्यंत लावली, मान, गाल, खांदा, एकेक आकडा फळीवर लिहिला. अंगात माझ्या साधा सुती कुर्ता. जाकीट तिथंच, हाताच्या अंतरावर.

मी तोंड उघडलं होतं. देवाशप्पथ उघडलं होतं. मग माझं लक्ष त्यांच्या चेहऱ्याकडं गेलं. शाळेतलं पोर पाढा म्हणताना चुकू नये म्हणून कसं ओठ दाबून उभं राहतं, तसे ते आकडे लिहीत होते. माझ्यानं बोलवेना. मनात म्हटलं, जाकिटाचं नंतर हिशेबात धरतील. इतकी वर्षं केलंय, हाताला ठाऊक असेल.

पंधरा दिवसांत दस्ता झाला. इतकं सुंदर लाकूड मी पुन्हा पाहिलं नाही. आणि तो बोटभर लांब होता. बरोबर जाकिटाएवढा. पालथं पडून नेम धरला की साईट लांब राहायची, मान पुढं काढावी लागायची, वीस गोळ्यांनंतर मानेची शीर उडायला लागायची. साठ गोळ्यांचा सामना त्याच्यावर निघणं शक्य नव्हतं.

"बसतोय का?" काकांनी विचारलं.

"बसतोय की," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठ दिवस रोज. "नीट सांग हं, बसतोय न्हवं?" मी रोज तेच उत्तर दिलं. मागून बोटभर लाकूड कापलं की काम झालं असतं, दहा मिनिटांचं काम. पण मग ते का कापायचं ते सांगावं लागलं असतं. म्हाताऱ्या माणसाला त्याचं डोकं चालेना झालंय हे सांगायचं धाडस माझ्यात नव्हतं. सगळ्या जगाला फाडफाड बोलणारी मी, तिथं शेपूट घातली. आणि वर स्वतःला सांगत राहिले की ही माया आहे.

पुण्याच्या मैत्रिणीचा दस्ता मी गुपचूप आणला. दोन स्क्रू काढले की रायफल एका दस्त्यातनं निघते, दुसऱ्यात बसते. चाचणीच्या आदल्या दिवशी लॉजवर बदलला, रेंजवर सकाळी साईट पुन्हा जुळवून घेतली. निवड झाली. परतताना गाडीत बसायच्या आधी लाकडाचा दस्ता पुन्हा चढवला आणि काकांसमोर तसाच नेला. त्यांनी गुणांचा कागद दोन्ही हातांत धरून वाचला. डोळ्यांत पाणी होतं. "म्हंजे बसला," ते म्हणाले. "बसला म्हणायचा." त्या दिवशी त्यांनी सगळ्या रेंजला भजी खाऊ घातली. मी खाल्ली.

पुढचे काही महिने ते पुन्हा पहिल्यासारखे झाले. आवाज चढला. जयसिंगपूरची एक पोरगी नुकतीच पन्नास मीटरला आली होती, एकोणीस वर्षांची, अबोल, पण हात कमालीचा स्थिर. आमच्या सगळ्यांत ती पुढं जाणार, असं काका उघड बोलायचे. तिच्या रायफलचा दस्ता त्यांनी करायला घेतला. मी तेव्हा शिबिराला बाहेरगावी होते. राज्य स्पर्धेत ती पार खाली गेली, तिनं यायचं बंद केलं, एवढं मला फोनवर कळलं. वाईट वाटलं आणि विसरले. नवी पोरं येतात, जातात.

राष्ट्रीय स्पर्धेनंतर इथल्या पेपरात माझा फोटो आला. गालाला काळा अ‍ॅल्युमिनियमचा दस्ता, स्पष्ट.

कोल्हापूरला आले तर शेडला कुलूप होतं. चार दिवस वाट बघितली आणि कबनूर गाठलं. वीज गेली होती, सगळे माग बंद. त्या गल्लीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. काकू दारातच म्हणाल्या, "आत जा. बोलंनात कुणाशी." काका खाटेवर बसले होते.

"फोटो बघितला," ते म्हणाले. "नेम चांगला लागला."

"काका, तो दस्ता..."

"त्याचं ऱ्हाऊ दे. मला एवढंच सांग. माझा लांब झालता न्हवं?"

"व्हय."

"किती?"

"बोटभर."

ते स्वतःशीच मान हलवत राहिले. "जाकिटाएवढा. कधी कळलं तुला?"

खोटं बोलायची ताकद संपली होती. मी म्हटलं, "माप घेतानाच."

काकू पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या, त्या तशाच माघारी गेल्या. काका बोलायला लागले तेव्हा आवाज इतका हळू होता की मला पुढं सरकावं लागलं.

"तुला पावणं म्हणालो त्या दिवशी घरी येऊन जेवलो न्हाय. म्हटलं डोकं जातंय काय, बघाय पायजे. डॉक्टरकडं जाऊन काय व्हतंय? तो आजची तारीख विचारणार. माझं काम तारखेचं न्हाय, मापाचं हाय. म्हणून तुझा दस्ता घेतला करायला. रेंजवर सगळे काका काका करत्यात, खरं कुणी सांगत न्हाय. तू एकटी फटकळ. म्हटलं, चुकलं तर ही तोंडावर फेकून मारणार. मग मी बंद करणार. आठ दिवस विचारलं तुला. आठ दिवस तू बसतोय म्हणालीस. मग म्हटलं, चला, अजून जमतंय." काकू गेल्या त्या दाराकडं बघत म्हणाले, "म्हणून त्या जयसिंगपूरच्या पोरीचं काम घेतलं."

मला रडू फुटलं. त्यांनी रडू दिलं.

"मला वाईट वाटू नये म्हणून गप बसलीस व्हय?"

"व्हय."

"मग आता बघ माझ्याकडं."

मी बघितलं. बघायलाच हवं होतं. रागावलेली माणसं मी खूप पाहिली आहेत, माझ्या घरात तेवढी एकच गोष्ट मुबलक होती. काकांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कुणी हात धरून रस्ता ओलांडून देईल म्हणून माणूस निर्धास्त उभा असावा आणि भर रस्त्यात हात सुटावा, तसे ते दिसत होते.

जाताना म्हणाले, "तिच्याकडं जाऊन ये. मी गेलो तर पाया पडंल आणि चांगलंच बोलंल. तू जा."

त्यानंतर काका रेंजवर आले नाहीत. रंधा, पटाशी, कानशी, सगळं क्लबला देऊन टाकलं. पुढं तीन वर्षं होते. मी जात राहिले. ते माझ्याशी बोलायचे, नातवाचं, पावसाचं, मागांच्या संपाचं. रायफलचं एक अक्षर नाही. शेवटी शेवटी काकूंनाही ओळखेनात. लोक म्हणतात, एवढा मोठा कारागीर, वयानं गेला. मी काही बोलत नाही. मी बोलले असते तरी तो आजार एक दिवसही लांबला नसता, हे मलाही कळतं. पण स्वतःच्या हातानं कुलूप लावून, ताठ मानेनं शेडमधून बाहेर पडायची त्यांची एक वेळ होती, आणि ती मी घालवली. हे त्या लोकांना ठाऊक नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

जयसिंगपूरचं सांगायचं राहिलं. कबनूरहून निघाले ती थेट तिकडंच गेले. बाजारपेठेत त्यांचं धान्याचं दुकान होतं, वरती घर. ती पोरगी अभ्यास करत बसली होती. मला बघून गडबडीनं उठली, खुर्ची पुसून दिली. मी वळसे न घेता सगळं सांगितलं. काकांनी तिचंही माप जाकिटाशिवाय घेतलं होतं का, विचारलं. तिनं हो म्हणून मान हलवली.

"मग बोलली का नाहीस? मान दुखत नव्हती?"

"दुखायची की," ती म्हणाली. "रोज रात्री आई तेल लावायची. पण ताई, तुम्ही काकांना बसतोय म्हणालात ते मी शेडच्या दारात उभी राहून ऐकलं होतं. म्हटलं, तुम्ही कुणाचीच भीड ठेवत नाही. तुम्हाला बसतोय म्हणजे काकांचं माप बरोबरच असणार. मग चूक माझ्याच अंगात असंल."

मी म्हटलं, "उद्या ये. मी स्वतः कापून देते. दहा मिनिटांचं काम आहे."

तिनं वही मिटली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "नको ताई. आता रायफल खांद्याला लावली की मला माझ्याच अंगाचा भरवसा वाटत नाही."